चोपणातला गूळ

“येताना वन्संना राहात्यालाच ठेवू या का?” आई म्हणाली.

आई पुढच्या सीटवर होती. बाबा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. मी मागे काचेला डोकं टेकून डोळे मिटून बसले होते, त्यामुळे मला झोप लागलीय असं त्यांना वाटलं असावं. आमची फियाट राहुरीच्या बाजारापाशी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि इंदूआत्या, बाबांची थोरली बहीण, रस्त्यापलीकडे मिरच्यांच्या ढिगाशी उकिडवी बसली होती.

“ठेवू म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे राहू देत ना तिकडे. नानाभाऊजींचं घर काय परकं आहे? चार दिवस म्हणून राहतील, मग रमतील. मला आता नाही होत हो. संक्रांतीला सगळ्यांसमोर काय झालं ते तुम्ही पाहिलंत ना?”

“बघू,” बाबा म्हणाले.

बाबा वकील होते. कोर्टात ते कसे बोलत कोण जाणे, पण घरी ते ज्याला ‘बघू’ म्हणत ते होऊन जायचं. फक्त ते त्यांनी केलं, असं नंतर कुणाला म्हणता यायचं नाही.

मी डोळे किलकिले करून पलीकडे पाहिलं. आत्यानं एक मिरची उचलली, देठाशी मोडली आणि नाकाशी नेली. जरा वेळ तशीच धरली. मिरचीवाली तिच्या तोंडाकडे बघत होती. आत्यानं जाणत्या माणसासारखी मान डोलावली आणि तोच तुकडा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईच्या नाकाखाली धरला. काय बोलली ते गाडीपर्यंत ऐकू आलं नाही, पण मला ऐकायची गरज नव्हती. “कशी वाटतीय हो?” असंच तिनं विचारलं असणार. त्या बाईला ठसका लागला, तेव्हा कुठे आत्यानं मिरची मापायला सांगितली.

आत्याला वास येत नव्हता. चवही कळत नव्हती. हे त्या गाडीत, त्या बाजारात, मला एकटीलाच माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे आत्यालाही माहीत नव्हतं.

दरवर्षी संक्रांत झाली की आम्ही गाडी काढायचो. आई त्याला ट्रिप म्हणायची, बाबा चक्कर म्हणायचे आणि आत्या म्हणायची बाजार. नगरहून निघायचं, वाटेत मिरची, चिंच, खोबरं, जिथलं जे चांगलं ते घ्यायचं, एखाद्या खाणावळीत जेवायचं आणि शेवटी राहात्याला नानाकाकांकडे जाऊन पेरू आणि गूळ घेऊन परत यायचं. एखाद्या वर्षी उलट्या दिशेला तिसगावच्या बाजाराला जायचो. काय घ्यायचं हे आई सांगायची. घ्यायचं की नाही हे आत्या ठरवायची.

ठरवायची तिची एकच रीत होती. चाखल्याशिवाय ती काहीही घेत नसे. दुकानदारानं तिच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर चिमूट ठेवायची, तिनं ती जिभेवर घ्यायची आणि मग डोळे मिटून उभं राहायचं. त्या वेळी कुणी बोललेलं तिला चालत नसे. तिसगावला एक चिंचेचा व्यापारी होता. आत्यानं त्याच्या तीन पोत्यांतली चिंच चाखली आणि चौथ्याकडे वळली तेव्हा तो म्हणाला, “आक्का, दुपारचं जेवान हितंच उरकलं म्हना की!”

“उरकते की. भाकर तू घाल, चिंच तर तुझीच हाय.”

“मंग घेनार कोन?”

“जेवन चांगलं झालं तर घीन.”

बाजारातली माणसं हसली. मी मात्र आईच्या मागे सरकले. लोक आपल्याकडे बघायला लागले की मला नको व्हायचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलून घरी आलं की मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायची आणि जुळेपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. त्यामुळे मी फारशी बोलतच नसे. आत्यानं काही चाखायला दिलं की माझं एकच उत्तर ठरलेलं होतं.

“छान आहे.”

“छान म्हंजी कशी?” ती कमरेवर हात ठेवून विचारायची. “छान तर तुझी ती झगेवाली मास्तरीन बी हाय. तिला काय कोनी चाटून बघितलं का?”

मग ती मला शब्द द्यायची. तोंडात गोष्ट असतानाच द्यायची. ही तुरट. ही आंबूस, आंबट न्हवं. हे अगोड. एकदा खोबऱ्याचा तुकडा खाऊन मी तोंड वाकडं केलं तर तिला फार आनंद झाला. “हां! ह्याला म्हनायचं खवट. ध्यानात ठेव. मानसं बी लई आसत्यात अशी.”

आत्याचं लग्न शेवगावकडे झालं होतं. नवरा लवकर गेला आणि ती भावाकडे परत आली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तिनं स्वतः त्या घराबद्दल मला एकच गोष्ट सांगितली. तिथलं पाणी मचूळ होतं.

आमच्या घरी ती मी जन्मायच्या आधीपासून होती. स्वयंपाक तिचा. सावेडीला आम्ही नवीन बंगला बांधला तेव्हा आईनं हौसेनं उभ्याचा ओटा करून घेतला आणि गॅस आणला. आत्याला उभं राहून रांधायची सवय नव्हती. ती शेगडी जमिनीवर ठेवून मागच्या पडवीत भाकऱ्या करायची आणि ओट्यापाशी फक्त फोडणीला यायची. शेजारी वस्ती विरळ होती. दुपारी आई महिला मंडळात, बाबा कोर्टात, मी शाळेत. त्या एवढ्या घरात ती दिवसभर काय करते, असा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. ती स्वयंपाकघरात असते, एवढं पुरेसं वाटायचं.

मग एका भाद्रपदात तिला मोठा ताप आला. तापातून ती उठली, पुन्हा कामाला लागली, आणि हळूहळू घरातल्या ताटांत काहीतरी होऊ लागलं. एखाद्या दिवशी आमटीत मीठ दोनदा, एखाद्या दिवशी अजिबात नाही. दूध नासलेलं असायचं आणि तिनं त्याचाच चहा टाकलेला असायचा. आणि तिला एक नवीन सवय लागली होती. वाढून झालं की ती दारात उभी राहायची आणि बाबांनी पहिला घास तोंडात घातला की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. आधी ती कधीच बघत नसे. वाढलं की तिच्या लेखी विषय संपलेला असायचा.

तिनं काय काय युक्त्या शोधल्या होत्या ते तिनं मला पुढे सांगितलं. मोहरी तडतडायची थांबली की हिंग. भाकरीचा रंग. मिठाला एक ठरलेला चमचा, आणि तो धुवायला टाकला की ती गांगरून जायची. शेजारच्या बाईंना ती हाक मारून कुंपणावरून वाटी द्यायची, “जरा बघा हो, पोरीला आवडंल का.” त्या म्हणायच्या, “अगदी छान!” मीही तेच म्हणायची. लोकांच्या चांगुलपणाचा तिला काही उपयोग नव्हता.

संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं. कोर्टातल्या आणि बँकेतल्या साहेबांच्या बायका आल्या होत्या. आत्या बाहेर येणार नव्हती. हळदीकुंकवाला ती कधीच बाहेर येत नसे. आत बसून तिनं तिळाच्या वड्या थापल्या आणि मी ताटल्या बाहेर नेल्या. वड्या काळपट होत्या. एक मी वाटेतच तोंडात टाकली. तीळ पार करपले होते. इतका करपट वास घरभर कसा पसरला नाही, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, पसरला होता. दिवाणखान्यात उदबत्त्या होत्या म्हणून बाहेर जाणवला नव्हता. आत, कढईपाशी, उदबत्ती नव्हती.

बायका “वा, खमंग!” म्हणाल्या. एकमेकींना गोड बोला म्हणून हसल्या. त्या गेल्यावर मी कपबश्या गोळा केल्या तर बशांखाली, रुमालांखाली, एक तर फुलदाणीत, अर्ध्या वड्या खोचलेल्या होत्या. मी त्या लपवायच्या आत आत्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं एक अर्धी वडी उचलली आणि तोंडात घातली. डोळे मिटले. तिसगावला मिटायची तसेच. बराच वेळ ती तशी उभी होती, जसं कुणी दार वाजवून आतून उत्तर यायची वाट बघतं. मग तिनं डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं आणि उरलेल्या वड्या एकेक करून ओच्यात गोळा केल्या.

त्या दिवशी मला कळलं. पण आमच्या दोघींमध्ये अशा बोलण्याची वाटच नव्हती.

तर राहुरीहून मिरच्या घेऊन आम्ही पुढे निघालो. आत्या माझ्या शेजारी बसली होती. गाडीत मिरच्यांचा खाट उठला होता. आई नाकाला रुमाल लावून शिंकत होती, बाबांचे डोळे पाणावले होते आणि आत्या शांतपणे बाहेरचा ऊस बघत होती. मग तिचं लक्ष आमच्याकडे गेलं. तिनं घाईनं पदर नाकाला लावला आणि ती खोकली.

पुढे नदीकाठी एका खाणावळीत आम्ही जेवायला थांबलो. शेंगोळे होते, हुलग्याचे, लसणाचा सढळ हात असलेले. खाणावळवाली जाडजूड, मोकळ्या गळ्याची बाई होती. ती आत्याच्या पुढ्यात येऊन बसली. “वाढू का आनिक? रस्सा कसा झालाय?”

“लई झ्याक,” आत्या म्हणाली. “लसून फक्कड लागलाय.”

लसणाच्या पाकळ्या रश्श्यावर तरंगताना दिसत होत्या. मी मान खाली घातली.

“हे बघा,” खाणावळवाली आईला म्हणाली, “ह्या मावशीला कळतं. न्हाईतर शेरातली लोकं, लसून दिसला की निवडून ठिवत्यात.” आईच्या ताटाच्या कडेला पाकळ्यांची रांग होती. आई कसनुसं हसली.

तिसऱ्या प्रहरी राहात्याला पोचलो. नानाकाका आणि काकूंनी अंगणात घोंगडी अंथरली, पेरू कापून आणले. नानाकाका चांगले होते, काकूही. पण त्या घरात आत्याला बसायला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. काकूंच्या दोन सुना स्वयंपाकघरात होत्या. आत्या सवयीनं तिकडे गेली आणि थोड्या वेळानं परत येऊन अंगणातल्या दगडावर बसली. आत काही काम उरलं नव्हतं.

शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. वर्षाचा गूळ आम्ही तिथूनच घ्यायचो. आमच्या घराण्यात पद्धत अशी होती, की काहिलीतून, त्या मोठ्या कढईतून, उतरलेला गरम गूळ आधी पानावर घालून घरातल्या थोरल्या बाईच्या हाती द्यायचा. ती ‘घ्या’ म्हणाली तर ढेपा गाडीत जायच्या. थोरली बाई म्हणजे आत्या.

गूळ रांधणारा गुळव्या म्हातारा होता. त्यानं पळसाच्या पानावर गूळ काढला आणि दोन्ही हातांनी आत्यापुढे धरला. “बघा आक्का.”

“आक्का असल्यावर बघायचं काय ऱ्हायलं,” काकू म्हणाल्या. “त्यांच्या जिभंला परमान हाय.”

आई माझ्या मागे उभी होती. “बघू या आज,” ती बाबांना हळूच म्हणाली.

मलाही एका पानावर दिला. गूळ रंगानं देखणा होता, सोनेरी, तार सुटणारा. मी जिभेवर ठेवला. आधी नुसता गोड लागला. मग मागून, जिभेच्या कडेनं, ओठावर घामाचा थेंब ओघळावा तसं काहीतरी आलं.

आत्यानं आपला गूळ बोटांत दाबून पाहिला. उजेडात धरून रंग पाहिला. डोळ्यांना आणि बोटांना जे कळण्यासारखं होतं ते सगळं चांगलं होतं. मग तिनं तो तोंडात घातला आणि डोळे मिटले. चरकाचा आवाज तेवढा येत होता. ती डोळे उघडेना. मग उघडले आणि कुणाकडे नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही. आणि जीभ ओठावरून फिरवली, खारट खाल्ल्यावर आपण फिरवतो तशी.

आत्यानं तोंडातला गूळ गिळला. मग गुळव्याकडे वळली. “खारट हाय. ऊस चोपनातला हाय ह्यो. कॅनालच्या पान्यानं मीठ वर आलंय त्या वावरात. रंगाला काय करता?”

गुळव्यानं कपाळावर हात मारला. “खरं हाय आक्का. खालच्या पट्टीचा ऊस हाय. दुसरी काहील उतरू द्या, त्यातला देतो.” आणि हसून नानाकाकांना म्हणाला, “ह्यांना फशिवनारा मानूस जन्माला यायचाय.”

आईनं माझ्या पानावरचा गूळ चाखला. खारटच होता. मला वाटलं, झालं, आता आत्या आमच्याबरोबर घरी येणार. मला इतकं हलकं वाटलं, की दुसऱ्या काहिलीचा गूळ बांधून होईपर्यंत मी चरकाभोवती फिरत राहिले.

परत घराकडे चालताना आई आणि बाबा पुढे होते.

“म्हणजे जीभ शाबूत आहे,” आई म्हणत होती. तिचा आवाज चिडका नव्हता, दुखावलेला होता. “मला वाटलं होतं, वय झालं, कळत नसेल. मग संक्रांतीला? मीठ दोनदा? कळत असून केलं ना? आमच्याकडे करायचंच नाही त्यांना, असं म्हणा मग. मी काय कमी केलं हो त्यांचं?”

बाबा ‘बघू’सुद्धा म्हणाले नाहीत.

मी मागे वळून पाहिलं. आत्या चार पावलांवर होती. तिनं ऐकलं होतं. ती माझ्या बरोबरीला आली आणि आम्ही दोघी थोडं अंतर तशाच चाललो.

“कधीपासनं ठावं हाय तुला?” तिनं विचारलं.

“संक्रांतीपासून.”

“आईला?”

मी नकारार्थी मान हलवली.

“सांगू नगंस.” ती म्हणाली, “मुद्दाम केलं म्हनू दे. चालंल. पर रांधनाऱ्या बाईला चव न्हाई म्हनल्यावर तिला घरात कशाला ठिवायचं, हे मला कोनी तोंडावर इचारलेलं न्हाई सोसनार.”

अंगणात आल्यावर कुणी काही म्हणायच्या आतच तिनं डिकीतून आपली कापडी पिशवी काढून घेतली. “वैनी, मी म्हनते चार दिस ऱ्हाते हितं. लई दिस झालं न्हाई आले.”

“राहा की वन्सं,” आई पटकन म्हणाली. मग तिचं तिलाच ते पटकन म्हणणं लागलं असावं. तिनं अंगावरची शाल काढली आणि आत्याच्या खांद्यावर घातली. “इकडे थंडी आहे. ही असू द्या.”

“असू दे की आक्काला,” नानाकाका म्हणाले. “घर तिचंच हाय.” काकूंनी सुनांकडे पाहिलं. सुनांनी एकमेकींकडे पाहिलं.

आम्ही गाडीत बसलो. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे गुळाच्या ढेपा ठेवल्या. बाबांनी गाडी सुरू केली. काकूंनी पेरूंची पाटी आणली आणि आत्यानं ती त्यांच्या हातातून घेतली. माझ्या खिडकीपाशी येऊन ती एकेक पेरू निवडून आत माझ्या मांडीवर ठेवू लागली. पिकलेले एका बाजूला, अधकच्चे दुसऱ्या. प्रत्येक पेरू ठेवायच्या आधी ती नाकाशी नेत होती. कुणाला दाखवायला नाही. कुणी बघतही नव्हतं. नेत होती, क्षणभर थांबत होती आणि माझ्या मांडीवर ठेवत होती. शाल तिच्या खांद्यावरून घसरली होती आणि अंगणात तिच्या मागे कुणीही उभं नव्हतं. सगळे आत गेले होते.

शेवटचा पेरू ठेवून तिनं हात काढून घेतला. बाबांनी गिअर टाकला. माझ्या मनात वाक्य नीट जुळलं नव्हतं. आत्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती, आणि मी काय करणार ते ओळखून मानेनं नको नको म्हणत होती.

“आई,” मी म्हणाले, आणि माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, “आत्यानं काही मुद्दाम नाही केलं. तापापासून तिला वास येत नाही, चव कळत नाही. मगाशी गूळ खारट आहे हे मी तिला खुणेनं सांगितलं. घरीही मीच सांगत जाईन. तिला गाडीत बसव.”